भावजींचा वहाळ

फोन आला तेव्हा मी गोडा मसाला भाजत होते. खोबरं कढईत, रिसीव्हर मानेखाली. "वहिनी, ह्यांना ऑफिसातून परस्पर हॉस्पिटलात नेलंय," नलिनी म्हणाली आणि फोन ठेवला. आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं... सुभाष भावजी म्हणजे नलिनीचे यजमान आणि माझ्या नवऱ्याचे मित्र, इथे दुबईत अल कुसैसला आमच्या समोरच्या दारात राहणारे, एका काँट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन. त्यांना जाऊन दीड महिना होत आला. मसाल्याचा वास दारापलीकडे गेला की "वहिनी, आज काय बेत?" असं कुणी विचारत नाही, ते मला अजून सवयीचं झालेलं नाही.

नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत अमेरिकन कुटुंबं देश सोडून निघाली की घरातलं सामान विकायला काढायची. लीव्हिंग सेल म्हणत त्याला. बाकी लोक तिथून मिक्सर, गालिचे आणायचे. हा गृहस्थ पुस्तकांची खोकी आणायचा. तीही कसली? व्हरमाँटमधला एक ओढा, नेब्रास्कातलं गवत, ॲरिझोनातल्या कुठल्याशा खेड्याची हकीकत. नलिनीच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्या त्यांनी भरल्या आणि तिचे डबे खाली फरशीवर आले. "माझ्या डाळ-तांदळाला जागा नाही आणि नेब्रास्काच्या गवताला आहे," ती म्हणायची. पण धूळ पुसायची तीच.

मी फटकळ बाई. एकदा विचारलंच, "भावजी, एवढं वेड आहे तर एकदाची अमेरिका बघून का येत नाही?"

"अमेरिका कुणाला बघायचीय? मला आमचा वहाळ बघायचाय."

मी कराडची, आमच्याकडे ओढा म्हणतात. त्यांच्या कोकणातल्या घरामागून तो वाहतो आणि खाली खाडीला मिळतो. त्यांनी ते व्हरमाँटचं जाडजूड पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं. "एका ओढ्यावर एवढं, वहिनी. गिरणी कुठे होती, पुरात कुणाची गाय गेली, कुठल्या डोहात पोरं पोहायची... आमच्या वहाळावर कुणी चार ओळी तरी लिहिल्यात?"

त्यांना खाडीपासून उगमापर्यंत चालत जायचं होतं, तेही मुलीला, मुग्धाला, सोबत घेऊन. एवढी एकच इच्छा होती त्या माणसाची, आणि तीही स्वस्तातली. पण दर सुट्टीत कधी बहिणीचं लग्न, कधी कौलं, कधी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. एकदा बापलेक निघालेही होते. दुसऱ्या वळणावर पुतण्या हाका मारत आला, पाहुणे आलेत म्हणून. "पाहुणे चहाला आले ते जेवूनच उठले," भावजी हसत सांगायचे. मला मात्र त्या पाहुण्यांचा अजून राग येतो.

मग शुक्रवारी जेवणं झाली की ते मुग्धाला पुस्तक वाचून दाखवायचे. इंग्रजी पानावर बोट, तोंडाने मराठी. मेपलच्या झाडाच्या जागी उंडी यायची, ट्राउट माशाच्या जागी कुर्ल्या, म्हणजे आमचे खेकडे, आणि व्हरमाँटच्या गिरणीवर ह्यांच्या गावचा कुणी तुकाआजा भात भरडायचा. मुग्धा आठ-नऊ वर्षांची, इंग्रजी शाळेतली. पानात डोकावून म्हणायची, "बाबा, इट डझन्ट से दॅट."

"मग पुस्तक चुकलंय," म्हणून भावजी पुढे वाचायचे.

शेवटचा अध्याय उगमाचा होता. तिथवर आले की पुस्तक मिटायचे. मी छेडलं, "का हो, इथेच का थांबता?"

"आमचा उगम मी पाहिलेला नाही वहिनी. खोटं कसं वाचू?"

"अहो, अमेरिकेच्या पाण्यात एवढ्या कुर्ल्या सोडल्यात, त्या खऱ्या?"

"त्या मी स्वतः धरल्यात," ते म्हणाले. "या सुट्टीत नक्की जायचं वरपर्यंत." नलिनी आतून म्हणायची, "इन्शाल्ला." 'अल्लाची मर्जी असेल तर' हा त्याचा अर्थ, पण इथे इतकी वर्षं काढलेल्या बाईच्या तोंडी तो 'होईल तेव्हा खरं' असाच येतो, ते इथल्यांना सांगायला नको.

त्यांना गावीच नेलं. त्या गर्दीत वहाळाकडे जायचं कुणाला सुचणार? दिवसवार उरकून मायलेकी परत आल्या त्या घर आवरायला, आणि गेल्या शुक्रवारी त्यांच्याच घरात लीव्हिंग सेल लागला. फळ्या रिकाम्या झाल्या, खोकी दाराशी आली. आता नलिनीच्या डब्यांना हवी तेवढी जागा होती. ती त्या फळ्यांकडे बघून रडली, मीही रडले.

मुग्धा आता कॉलेजात जाते. तिने खोक्यातून व्हरमाँट काढलं, फरशीवर बसली, पानावर बोट ठेवलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत सुरू झाली. "इथे उंडीच्या खाली... कुर्ल्या आहेत खूप. मग तुकाआजाची गिरणी..." नलिनी हातात डबा घेऊन तशीच उभी राहिली. 'इट डझन्ट से दॅट' म्हणायला कुणीतरी हवं होतं, पण म्हणणारीच वाचत होती.

वाचता वाचता ती शेवटच्या अध्यायाशी आली आणि थांबली. पुस्तक मिटून तिने खोक्यात ठेवलं नाही, आपल्या खांद्यावरच्या बॅगेत घातलं.

"अगं, उरलेलं?" मी विचारलं.

"ते नंतर, काकू. आय हॅवन्ट सीन इट येट."