खिरापतीचं बरोबर उत्तर

आठ वर्षांची होईपर्यंत माझ्याशी कोणी कट्टी केलीच नव्हती. कट्टी व्हायला आधी दोस्ती लागते, आणि दोस्तीला आपल्या वयाचं कोणीतरी लागतं. ते माझ्याकडे नव्हतं.

बाबा कालव्याच्या कामावर ओव्हरसियर होते. मी पाच वर्षांची असताना त्यांची बदली पारशिवनीच्या पुढे झाली आणि आम्ही तिघं साइटवरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. शाळा लांब, वाटेत नाला, आणि मास्तरांचं येणं नाल्याच्या मर्जीवर. बाबा म्हणाले, "मीच शिकवतो तिले." आई हसली, कारण हे चार दिवसांचं खूळ आहे असं तिला वाटलं. पण बाबांनी मनावर घेतलं. सकाळी कामावर जायच्या आधी गणित आणि संध्याकाळी आल्यावर भूगोल. दुपारी आईच्या देखरेखीखाली गृहपाठ. शाळाच घरात असली तर गृहपाठ नेमका कुठे करायचा, असं मी एकदा विचारलं होतं. बाबांनी तो प्रश्न गांभीर्याने घेतला आणि मला बाहेर लिंबाखाली बसवलं.

त्यांचा सगळ्यात आवडता पाठ होता डबीचा. तपकिरीच्या रिकाम्या डबीत ते काहीतरी घालायचे, माझ्या कानाशी हलवायचे आणि आत काय ते मी ओळखायचं. चिंचोका, खडा, बटण, सुपारीचं खांड. "घरंगळून राहिलं का घसरून राहिलं, ते ऐक. आधी विचार कर, मग बोल. अन् एकदाच बोल." उत्तर चुकलं तर ते रागवायचे नाहीत. चष्मा काढायचे आणि धोतराच्या सोग्याने हळूहळू पुसत बसायचे. ते पुसणं मला छडीपेक्षा जास्त झोंबायचं. वर्षभरात मी चुकायचं सोडून दिलं.

नंतर बदली परत नागपूरला झाली. प्रताप नगरात तेव्हा घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते. जूनमध्ये बाबा मला सायकलवर बसवून शाळेत घेऊन गेले. मी पाचवीचे अपूर्णांक करत होते, पण हेडमास्तरांनी माझं वय विचारलं आणि म्हणाले, "तिसरीत बसवा." बाबांनी माझ्याकडून तिथल्या तिथे दोन उदाहरणं करून घेतली. हेडमास्तर म्हणाले, "हुशार आहे, पण तिसरीतच." बाबांनी नमस्कार केला आणि मला परत सायकलवर बसवलं. "जे येते तेच दोन वर्षं पुन्हा काहून शिकायचं?" हे त्यांनी रस्ताभर मला विचारलं. मीही मान डोलावत राहिले, कारण मला शाळेची भीतीच वाटली होती. मधल्या सुट्टीत तिथे केवढा आरडाओरडा चालला होता!

आईचं मात्र डोकं फिरलं. तिची काळजी अपूर्णांकांची नव्हतीच. शेजारच्या काकू पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी त्यांना पाण्याचा पेला देऊन विचारलं होतं, "आपल्याकडे यंदा विहिरीला पाणी कसं काय आहे?" काकू आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमची पोरगी आहे का ठेकेदार?" आईही हसली, पण काकू गेल्यावर तिने भाजी जरा जास्तच बारीक चिरली. रात्री जेवताना तिने बाबांना सांगितलं, "हे पहा, भुलाबाई येऊन राहिली. महिनाभर मोहल्ल्यातल्या पोरी घरोघरी फिरतील. कोजागिरीपर्यंत ही त्यांच्यात मिसळली तर ठेवा घरी, मी हूं का चूं करणार नाही. नाही मिसळली तर दिवाळीनंतर शाळा. तिसरी म्हटलं तर तिसरी, बालवाडी म्हटलं तर बालवाडी." बाबा म्हणाले, "कबूल." मला कोणी विचारलं नाही.

भुलाबाई म्हणजे आमच्याकडच्या मुलींचा महिना. भाद्रपदाच्या पौर्णिमेला कुंभाराकडून भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी आणायची, ती कोजागिरीपर्यंत कोनाड्यात बसवायची. रोज संध्याकाळी मुलींनी टिपऱ्या घेऊन एकेका घरी जायचं, सासर-माहेरची गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखायची. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते, मुली नावं घेत सुटतात. ओळखली की वाटायची.

पहिल्या संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या घरी गेलो. काकूंची मुलगी माझ्याएवढीच होती, दोन वेण्या आणि सगळ्यांवर हुकूमत. गाणी मला येत नव्हती, म्हणून मी नुसती टिपरी वाजवली. मग काकूंनी डबा आणला. डबा! माझं अंग शहारलं. सगळ्या नागपुरात या विषयात माझ्याएवढा अभ्यास कोणाचा नसेल. काकूंनी डबा एकदा हलवला आणि मी म्हणाले, "सांबारवडी."

काकूंचा हात तसाच राहिला. मी समजावून सांगितलं, "मागच्या दारात गाय सांबाराच्या काड्या खात होती. पुष्कळ होत्या. एवढा सांबार नुसता भाजीवर घालायला कोणी आणत नाही." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. काकूंनी मुकाट्याने झाकण उघडलं. मी शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. मुलींनी वड्या खाल्ल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुसरं घर. डबा हलला, आत घरंगळलं, थांबलं, पुन्हा घरंगळलं. "लाडू. बेसनाचे नाहीत, रव्याचे. बेसनाचे असते तर एवढे जड वाजले नसते," असं काहीतरी मी म्हणाले आणि बरोबर निघालं. बाहेर पडल्यावर दोन वेण्यांनी मला कुंपणाशी गाठलं. "तू काहून सांगून टाकतं वं लगेच?"

"मला येतं म्हणून."

"उद्यापासून आमच्यात नको येजो." तिने करंगळी पुढे केली. मला वाटलं हात मिळवायचा आहे, म्हणून मी ती धरली. ती करंगळी सोडवून निघून गेली. कट्टी अशी असते हे मला आईने घरी सांगितलं.

मी खूप रडले. बाबा म्हणाले, "उत्तर बरोबर होतं ना? मग?" मला त्या मुली हव्या होत्या. पारशिवनीला असताना हे माहीतच नव्हतं, की अशा कोणी असतात आणि त्या नसल्या की घरात करमत नाही.

पुढच्या संध्याकाळी मी आमच्या कुंपणाआडून ऐकत बसले. पलीकडच्या घरी डबा हलत होता. "शेव!" "नाही." "केळी!" "नाही." "विळी!" एकच खिदळणं. "काकांचा चष्मा!" हसून हसून मुली खाली बसल्या असाव्यात. घरची बाई तर प्रत्येक 'नाही' म्हणताना जास्तच खुलत होती. शेवटी ती टाळ्या पिटत ओरडली, "हरल्या गं, हरल्या!" आणि हरलेल्या मुलीही तेवढ्याच आनंदाने ओरडल्या. मला हे काही केल्या सुटेना.

जेवताना मी विचारलं, "बाबा, चुकीचं उत्तर ऐकून लोक खूश काहून होतात?"

"मूर्ख लोक होतात."

आईने त्यांच्या ताटात भात वाढला. "अन् मी दिवसातून दहादा तुमचं बरोबर आहे म्हणते, तेव्हा तुम्ही खूश होता, ते?"

बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

आईने मग सूत्रं आपल्या हाती घेतली. ती घरोघरी जाऊन मुलींना आमच्याकडचं बोलावणं करून आली. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणणार, म्हणून मुली आल्या. दोन वेण्या सगळ्यात मागे तोंड फुगवून उभ्या होत्या. खिरापत काय आहे हे आईने मलाही सांगितलं नव्हतं. "तुले सांगितलं तर तू त्यांना पुराव्यासकट समजावशील." तिने डबा हलवला, तर आवाजच नाही. मुली चक्रावल्या. पेढा झाला, शिरा झाला, एकीने कापूस म्हणून पाहिला. आईचा चेहरा उजळत चालला होता. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून, वर्तमानपत्रामागून, बाबांचा आवाज आला.

"अरे, विचार करा ना! आवाज नाही, म्हणजे फडक्यात गुंडाळलं आहे. फडक्यात काय गुंडाळते माणूस? ओलं. अन् या दिवसांत बाजारात ओलं काय आलं आहे?"

"शिंगाडे!" दोन वेण्या किंचाळल्या.

आई डबा तसाच घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी गेली. "तुम्ही काहून बोलले मधात? कोणी विचारलं होतं?" बाबा म्हणाले, "पण त्या चुकून राहिल्या होत्या ना!" हे ते इतक्या कळवळून म्हणाले की मुलींना हसू आवरेना. दोन वेण्यांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाबांकडे. "अगं माय! हिचे बाबा पण असेच आहेत!" माझा रोग घराण्यातला आहे, मी मुद्दाम करत नाही, हे तिला त्या क्षणी पटलं असावं. शिंगाडा सोलता सोलता ती माझ्या कानाशी म्हणाली, "उद्या येजो. पण तोंड बंद ठेवजो."

मी तोंड बंद ठेवलं. दोन-चार दिवसांनी ते उघडलंही, पण वेगळ्या कामासाठी. खारे दाणे आहेत हे स्वच्छ ऐकू येत असताना मी "पायजमा" म्हणाले आणि मुली हसल्या. त्या हसण्याची गोडी कोणत्याही शाबासकीला नव्हती.

कोजागिरीला काकूंच्या गच्चीवर सगळा मोहल्ला जमला. बाबांना आईने ओढून आणलं होतं. ते एका कोपऱ्यात हाताची घडी घालून, बस थांब्यावर उभं राहावं तसे उभे होते. साइटवरही ते असेच असायचे. बाकीचे पत्ते कुटायचे आणि बाबा आपले मला भूगोल शिकवायचे. चंद्र वर आला, दुधाची पातेली उतरली आणि काकूंनी शेवटच्या दिवसाची खिरापत आणली.

त्या डब्यात अनारसे होते. मला माहीत होतं आणि बाबांनाही माहीत होतं, कारण काकूंचे भिजवलेले तांदूळ त्यांच्या अंगणात फडक्यावर वाळताना बाबांनीच मला कुंपणातून दाखवले होते: "पाहून ठेव, आता अनारसे होतील." काकूंनी डबा हलवला. मुली ओरडू लागल्या. माझी पाळी आली तेव्हा बाबा माझ्याकडे एकटक पाहत होते. मी म्हणाले, "साबण."

हशा झाला. बाबा हसले नाहीत. मी मान खाली घातली. आता चष्मा निघणार, असं मला वाटलं. तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "भाऊजी, आता तुम्ही सांगा. तुम्ही तर हुशार!" सगळी गच्ची बाबांकडे वळली. त्यांनी डबा हातात घेतला, हलवला, कानाशी नेला. मला त्यांची दया आली. उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"पापड?" बाबा म्हणाले.

काकूंनी असा जल्लोष केला की खालच्या प्लॉटमधली कुत्री भुंकू लागली.

घराच्या फाटकाशी बाबांनी मला थांबवलं. "तुले माहीत होतं."

"हो."

"मग?"

"काकूंनी केवढी मेहनत केली होती, बाबा."

ते फाटकाची कडी हातात धरून उभे राहिले. "हे मी कधी शिकवलं तुले?" त्यांनी विचारलं. "तुम्ही नाही," मी म्हणाले. आई पैज हरली होती, मी मुलींत मिसळले होते, आणि बाबांना मला घरी ठेवायची पूर्ण मुभा होती. पण दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी त्यांनी स्वतःच मला सायकलवर बसवलं. हेडमास्तरांना ते म्हणाले, "तिसरीतच बसवा. तिच्या वयाच्या पोरी जिथं आहेत तिथं." दोन वेण्या त्याच वर्गात होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली.

त्या संध्याकाळी मी घरी आले ती बडबडतच. कोण पडलं, कोणाला कान धरून उभं केलं, डबा कोणाबरोबर खाल्ला. बाबा ऑफिसातून आले होते. भूगोलाची वेळ झाली होती आणि ते खुर्चीत नुसते बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली आणि माझ्या कानाशी हलवली. आत चिंचोका होता, हे झोपेतही कळलं असतं.

"हत्ती," मी म्हणाले.

बाबा दचकले. मग त्यांचे खांदे हलू लागले. माझ्या चुकलेल्या उत्तरावर ते आयुष्यात पहिल्यांदा हसत होते, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझी काळजी सगळ्यांनी केली होती. इतकी वर्षं त्या माणसालाही माझ्याखेरीज खेळायला कोणी नव्हतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

त्यांनी चिंचोका काढून टाकला आणि रिकामी डबी माझ्या हातात ठेवली. ती डबी त्याआधी त्यांनी कधी माझ्या हाती दिली नव्हती. "आता तू लपव," ते म्हणाले. "मी ओळखतो."

मी स्वयंपाकघरातून एक तुरीचा दाणा आणला. ओळखायला त्यांनी खूप वेळ लावला.