डेल्फाची शाळापट्टी

डेल्फा माउंट्स शाळेची बस चालवते असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर त्या पिवळ्या धुडाला शिव्या देत देत ती ते ओढ्याकाठानं हाकत नेते. हीटर लावला की वायपर बंद पडतात, वायपर लावले की दार अडतं. थंडीत ती मांडीवर गोधडी घेऊन बसते आणि आरशात बघून पोरांना दम भरते, "गप ऱ्हावा रं, न्हाईतर एकेकाला ओढ्यात उतरवीन!" पोरं हसतात. त्यांच्या आईबापांनाही तिनं हाच दम दिलेला आहे.

ओहायोच्या आमच्या या कोपऱ्यात शाळा चालते ती घरादारावरच्या पट्टीवर. ज्या हद्दीत मालमत्ता मोठी, तिथली शाळा गब्बर. आमच्या टॅनर्स रनच्या हद्दीत काचेचा कारखाना होता, तो गेला. उरली आमची घरं, दोन चर्चं (त्यांना पट्टी माफ) आणि गळ-बंदुका विकायचं एक दुकान. ओढ्यापलीकडं लिंडेनच्या हद्दीत वीजकेंद्र आहे. त्याची धुराडी आमच्या परसातून दिसतात. वारा तिकडून इकडं, म्हणून राख आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर. पट्टी मात्र सगळी लिंडेनच्या शाळेला. त्यांच्या शाळेत छताखाली पोहायचा तलाव आहे. आमच्याही शाळेत छताखाली पाणी असतं, पण ते बादलीत.

पट्टी वाढवायची तर हद्दीतल्या लोकांनी मतदानात हो म्हणावं लागतं. शाळा अशा घरपट्टीवर चालवणं चुकीचं आहे असं राज्याच्या मोठ्या कोर्टानं एकदा सोडून कैकदा सांगितलं. कोर्ट सांगून मोकळं झालं, आम्ही मतं मागत राहिलो. मागायचं काम डेल्फाकडं. कुणी नेमलं नव्हतं, दुसरं कुणी पुढं येत नव्हतं एवढंच. तिनं पाट्या रोवायच्या, चर्चच्या तळघरात घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव करून लोकांना जेवू घालायचं, आणि जेवलेल्यांनी नाही म्हणून यायचं. शेवटची पट्टी पास झाली तेव्हा तिची लेक रोंडा तिसरीत होती. आता रोंडाची पोरगी ब्रिना दहावीला निघाली.

यंदा मे महिन्यात मतदान होतं. त्याच्या आधी रोंडा आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आये, ब्रिनाला मी पलीकडं घालते."

लिंडेनची शाळा बाहेरची पोरं घेते. पण पोर गेलं की त्याच्या वाट्याचं सरकारी अनुदानही त्याच्याबरोबर ओढा ओलांडतं.

"आन् मी दारोदार काय सांगू?" डेल्फा म्हणाली. "माझी नात तिकडं, तुमी हिकडं पैसं भरा?"

"तुला काय सांगायचं ते सांग. पोरीला नर्स व्हायचंय. रसायनाची बाई गेली लिंडेनला. आता पोरं संगणकाच्या पडद्यावरचा धडा बघत बसत्यात, आन् राखणीला कोन? व्यायामाचा मास्तर. त्याला रसायन म्हंजी मोज्याचा वास, येवढंच ठावं."

डेल्फाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला.

"पट्टी पास झाली तर नवी बाई नेमनार हायेत."

"पास झाली तर ऱ्हाईल ब्रिना हितंच. न्हाई झाली तर जाईल. मंग मला आडवू नगंस."

"न्हाई आडवत."

झालं. त्या दिवसापासून डेल्फा बस आवारात लावली की थेट लोकांच्या पायरीवर. गळ-बंदुकांच्या दुकानात लोवेल स्पायर्स गल्ल्यावर बसलेला.

"डेल्फा, तुझ्या बसमधनं मी गेलो, माझी पोरं गेली," तो म्हणाला. "आता माझ्या घरात शाळंचं कुनी ऱ्हाईलं न्हाई. मी कशाला भरू?"

"तू शाळंत व्हतास तवा कुनी भरली?"

"माझ्या बानं."

"तुझा बा मरस्तोवर न्हाई म्हनत आला, लोवेल. मला तोंडावर सांगायचा."

लोवेल खदाखदा हसला. तिला गरम कॉफी दिली, बसायला खुर्ची दिली. मताचं काही बोलला नाही.

मतदानादिवशी तिनं नवऱ्याला, हॉबर्टला, स्वतः ट्रकमध्ये घालून नेलं. हॉबर्टनं उभी हयात त्या वीजकेंद्रात काढली. आता चार पावलं टाकली की त्याच्या छातीचा भाता वाजतो. बखोटीला धरून तिनं त्याला आत पोचवलं, बाहेर आणलं, पट्टा बांधला. परतताना तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "मी न्हाई म्हनून आलो."

"काय?"

"ऐकलंस की. जल्मभर तिथं राबलो. घाम आपला, पट्टी त्यांची. आता म्हातारपनी परत आपुनच भरायची? त्यांनी भरावी."

"त्यांनी भरावी हे कुनाला सांगतूस? त्या कागदावर त्यांचं नाव न्हवतं. आपल्या शाळंचं व्हतं."

"मंग काय करू? त्यांना न्हाई म्हनायचा कागद मला कुनी देतच न्हाई. जो दिला त्याच्यावर म्हनलं."

"ब्रिनाचं ठावं व्हतं न्हवं तुला?"

"व्हतं. जाऊ दे तिला. हितं काय ऱ्हाईलंय?"

घराशी आल्यावर डेल्फा म्हणाली, "आधी सांगायचंस की. दोघंबी घरीच बसलो असतो. तुझं एक, माझं एक. पेट्रोल तरी वाचलं असतं."

पट्टी पडली. एका मतानं पडली असती तर तिला हॉबर्टशी भांडायला तरी मिळालं असतं. पण ती चांगली आपटून पडली. दुसऱ्या दिवशी डेल्फा रोवलेल्या पाट्या उपटत फिरली. पावसानं भिजवलेल्या तेवढ्या फेकल्या, बाकीच्या कोठारात रचल्या. रोंडाला तिनं फोन केला नाही, रोंडानंही विचारलं नाही. दिलेला शब्द दोघींना पाठ होता.

ऑगस्टात शाळा उघडल्या. लिंडेनची बस आमच्या हद्दीत येत नाही. पोर त्यांच्या हद्दीत नेऊन उभं करावं लागतं. अलीकडच्या काठाला दरड आहे म्हणून आमचा रस्ता थोडा वेळ पलीकडच्या काठानं जातो. तिथंच, कडेच्या मोकळ्या जागेत, रोंडाची गाडी उभी होती. समोरून लिंडेनची कोरी करकरीत बस आली, थांबली, लाल दिवे लुकलुकायला लागले, थांबा म्हणणारा लाल हात बाजूला उघडला. ते दिवे लागले की दोन्हीकडची वाहनं जागच्या जागी उभी राहतात. त्यातून शाळेची बससुद्धा सुटत नाही. डेल्फानं स्वतः जन्मभर त्याच दिव्यांवर भल्याभल्या ट्रकवाल्यांना खिळवलेलं. तिनं ब्रेक दाबला.

ब्रिना गाडीतून उतरली. हात करावा की नाही हे तिला कळेना, म्हणून दप्तराचा पट्टा उगाच घट्ट करत ती चढली. डेल्फाच्या बसमधली पोरं काचांना नाकं लावून बघत होती. ती सगळीच तिला मॅमॉ, म्हणजे आजी, म्हणतात.

"मॅमॉ डेल्फा," मागून एक पोरगी ओरडली, "आपली ब्रिना त्यांच्या बसमधी!"

"माझे डोळं शाबूत हायेत," डेल्फा म्हणाली.

पलीकडच्या पोरसवदा ड्रायव्हरनं, बसवाले एकमेकांना करतात तसा, हात वर केला. डेल्फानं स्टीअरिंगवरची दोन बोटं उचलली. लाल हात मिटला, दिवे गेले, ती बस शेजारून निघून गेली. डेल्फाचा पाय मात्र ब्रेकवरच राहिला.

मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. मग पुन्हा वाजवला. तिनं काच खाली केली, हात बाहेर काढून त्याला जे दाखवायचं ते दाखवलं, आणि बस पुढं काढली.