उथळ आटे

कारखान्यात सगळे तिला आत्याच म्हणत. मालक तिचा भाचा, त्याची ती खरी आत्या. बाकीच्यांनी ते नातं परस्पर उचललं होतं. भाऊ हयात असताना ती तिथे केर काढायला यायची. एक दिवस ड्रिलवाला आला नाही म्हणून भावाने तिला मशीनपुढे उभं केलं. त्याला आता पंचवीस वर्षं झाली.

काम म्हटलं तर एवढंसं. मनगटाएवढा जाड अ‍ॅक्सल पकडायचा, दोन्ही टोकांना मधोमध भोक पाडायचं आणि आत टॅप, म्हणजे आटे कापणारा दातेरी दांडा, फिरवून आटे पाडायचे. त्या आट्यांत बोल्ट बसतो आणि चाक जागेवर राहतं. पण घाई केली की टॅप आतल्या आत मोडतो आणि अख्खा अ‍ॅक्सल भंगारात जातो. आत्या एक वेढा पुढे घ्यायची, अर्धा मागे, मग तेलाचा थेंब. लोखंड अडायला लागलं की कानाआधी तिच्या तळहाताला कळायचं.

एका सकाळी ती आली ती हसतच. पहाटे तिच्या मुलीला मुलगी झाली होती. बारा वाजता सुट्टी घेऊन दवाखान्यात जायचं ठरलं होतं. नवा माल लावण्याआधी तिने सवयीने ड्रिलची खोली ठरवणारा नट चाचपला. तो ढिला पडला होता, नुसत्या बोटाने फिरला.

आत्याने हातातला अ‍ॅक्सल खाली ठेवला. काल दुपारी टॅप लवकर टेकतोय असं हाताला एकदोनदा वाटलं होतं. पण मुलीला कळा सुरू झाल्याचा फोन आला होता आणि सगळं लक्ष तिकडे होतं.

"कालचा माल गेला का रे?" तिने भाच्याला विचारलं.

"संध्याकाळीच गेला. चाळीसच्या चाळीस. का?"

"भोकं उथळ आहेत. सगळी नाही, पण किती ते सांगता येत नाही. बोल्ट तळाला टेकेल, घट्ट बसल्यासारखा वाटेल, आणि चाक सैलच राहील."

भाचा हळूच म्हणाला, "त्यांची काही तक्रार नाही आली अजून."

"तक्रार येईल तेव्हा चाक रस्त्यावर असेल. गाडी काढ."

तो माल ट्रेलर बांधणाऱ्या एका शेडमध्ये गेला होता. सहा ट्रेलरांची चाकं चढवूनही झाली होती. तिथला फोरमन उंचापुरा, तुटक बोलणारा. आत्याने आडपडदा ठेवला नाही. "चूक माझी आहे. भोकं मोजून बघते, जी कमी भरतील ती इथेच नीट करून देते."

"आम्हाला तर काही दिसलं नाही," फोरमन म्हणाला.

"दिसणार नाहीच. वॉशर हाताने फिरवून बघा."

त्याने एका चाकाचा वॉशर फिरवला. आवळलेल्या बोल्टाखाली तो गरगर फिरला. फोरमनने पाना आणला आणि चाकं उतरवायला घेतली.

ऐंशी भोकं मोजली, एकोणीस उथळ निघाली. भाचा हातातल्या ड्रिलने ती खोल करत गेला आणि मागून आत्या टॅपचं हँडल धरून आटे पाडत गेली, एक पुढे, अर्धा मागे. बारा वाजले, दोन वाजले. भाच्याने दोनदा म्हटलं, "आत्या, तू जा दवाखान्यात, उरलेली मी करतो." ती पुढच्या भोकाकडे वळली. शेवटच्या भोकात बोल्ट बसवून वॉशर हलत नाही हे पाहिलं तेव्हा पाच वाजत आले होते. टॅप एकही मोडला नव्हता.

फोरमनने तिला हात धुवायला साबण दिला. "पुढचा मालही तुम्हीच करा," म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या हातचा मला नको."

"करीन. पण मोजून घेत जा," आत्या म्हणाली.

दवाखान्यात मुलगी थोडी फुगूनच बसली होती. "सकाळपासून वाट बघतेय. होतीस कुठे?"

"कामात चूक करून ठेवली होती. ती निस्तरत होते."

आत्याने नातीला घ्यायला हात पुढे केले आणि मागे घेतले. मनगटं थरथरत होती. ती खुर्चीत नीट टेकून बसली, तेव्हा मुलीने बाळ अलगद तिच्या मांडीवर ठेवलं.