अक्काचं सूप
आमच्या आळंद गावच्या बाजारात नव्या तुरीचा वास आला की मला ती दुपार आठवते. आमच्या ऑफिसातला कुठला तरी एक संगणक गुपचूप माहिती बाहेर पाठवत होता, आणि मी घरी बसून तीन दिवस तो शोधत होतो. पडद्यावर दर संगणकाचा एक ठिपका, शेकडो ठिपके, सगळे सारखेच. शेजारी थोरली अक्का सुपात तूर घोळत होती. ती म्हणाली, "कामून थांबवून ठेवलायस ते? हलवून बघ की. हलवलं की खडा मागं राहतोय." मी दिवसभराच्या नोंदी चित्रात भरभर पळवल्या; संगणक माहिती पाठवेल तेव्हाच त्याचा ठिपका पेटायचा. जेवणाच्या सुट्टीत सगळे ठिपके विझले, एकच लुकलुकत राहिला. पुढं संगणक-सुरक्षावाल्यांच्या मेळाव्यात मी हे दाखवलं आणि त्यांनी या पद्धतीचं नाव विचारलं, तेव्हा मी सूप म्हणालो. अजूनही त्यांचा फोन आला की आधी अक्काची खुशाली विचारतात, मग कामाचं.