आर. के. पुरमला जाताना गुडगाव

माणसाने योग्य वेळी सुकाणू हातातून सोडायला शिकले पाहिजे, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही. हे ज्ञान मला दिल्लीत झाले. त्या वेळी मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो, म्हणजे सुकाणू मुळात माझ्या हातात नव्हतेच.

गाडी चालवत होती माझी मुलगी मुक्ता. ती इथे संशोधन करते आणि मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहते. मुनिरका हे दिल्लीने गिळलेले, पण अजून न पचलेले गाव. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या गॅलरीतल्या माणसाचा चहा हात लांबवून घेता यावा. सकाळी निजामुद्दीनला उतरून मी तिच्या खोलीवर आलो, अंघोळ केली आणि इस्त्रीचा शर्ट चढवला. आर. के. पुरमला साठ्यांकडे पाहण्याच्या कार्यक्रमाला जायचे होते. साठे केंद्र सरकारात अधिकारी, मुलगाही तिथेच लागलेला. स्थळ मी पुण्यात बसून शोधले होते, दिवस ठरवला होता, मुक्ताने कोणता कुर्ता घालावा हेही कळवले होते. ती फोनवर "बरं" म्हणाली होती.

आर. के. पुरम मुनिरक्याच्या समोरच, मोठ्या रस्त्यापलीकडे. पण दिल्लीत समोर जायला आधी बरेच लांब जावे लागते. मैत्रिणीची जुनी गाडी घेऊन आम्ही निघालो. माझा उजवा पाय माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होता.

"आता उजवीकडे," मी म्हणालो.

गाडी सरळ गेली.

"अगं, वळण गेलं!"

"हो," मुक्ता म्हणाली.

पुढे एक पूल लागला, मग हायवे. इथे परत फिरायला जागा नसते. छावणीच्या लांबच लांब भिंती गेल्या, डोक्यावरून विमान इतके खाली आले की मी मान आत घेतली आणि मग हरियाणा सुरू झाला. गुडगावच्या काचेच्या इमारती एखाद्या साम्राज्याची राजधानी असल्यासारख्या उभ्या होत्या. आत बहुधा कोणी तरी फोनवर तक्रारी ऐकत असावे.

मुक्ताने एका हातगाडीजवळ गाडी थांबवली. तिथे राम लड्डू होते (नाव लड्डू, पण मूगडाळीची भजी, वर किसलेला मुळा आणि हिरवी चटणी). मी हातगाडीवाल्याला आर. के. पुरम विचारले.

"अंकल जी, वो तो आप पीछे छोड़ आए. आगे तो जयपुर है," तो म्हणाला आणि चटणी वाढली.

"वळण चुकलं नाही, बाबा," मुक्ता द्रोणात बघत म्हणाली. "हातच वळला नाही. मला हे लग्न नकोय."

"मुलात काही खोट आहे?"

"नाही. दोनदा बोलले त्याच्याशी. चांगला आहे."

"मग?"

"आतून नको वाटतंय."

"आतून म्हणजे कुठून?"

"ते मलाही माहीत नाही."

"कारण नसताना नकार कसा द्यायचा, मुक्ता?"

"कारण नसताना होकार चालतो ना तुम्हाला? तुम्ही सायन्स म्हणालात, घेतलं. दिल्ली म्हणालात, आले. कधी विचारलंत का, 'हो' का म्हणतेस म्हणून?"

मी द्रोणातला मुळा तोंडात टाकला. मुळा फार तिखट होता. तेवढ्यात साठेबाईंचा फोन आला.

"कुठवर आलात? टेन्शन बिल्कुल नका घेऊ, पोहे मी परत गरम करते."

रस्ता चुकला, असे सांगणे सोपे होते. तोंडात तेच आले होते. मुक्ता माझ्याकडे बघत होती.

"वहिनी," मी म्हणालो, "मुक्ताची इच्छा नाही. कारण विचारू नका, मलाही ठाऊक नाही. पण ती नाही म्हणतेय, तेव्हा माझंही नाहीच."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "मग पोह्यांना तरी या. पातेलंभर केलेत, आमच्याच्यानं संपायचे नाहीत."

परतताना मी एकही वळण सांगितले नाही. मुक्ता दोन चुकली. साठ्यांकडे पोहोचलो तेव्हा पोहे तिसऱ्यांदा गरम होत होते. मुलगा सुरुवातीला गप्प होता. नकार पक्का आहे हे कळल्यावर मोकळेपणाने बोलू लागला आणि त्याने दोनदा पोहे मागून घेतले.

पुण्याला परत येताना मी पुष्कळ विचार केला. अंतःप्रेरणा म्हणजे काय ते मला अजून समजलेले नाही आणि ती नेहमी बरोबर असते, असा अनुभवही नाही. पण ज्याचे आयुष्य, त्याच्या हाती ते सोडावे, इतके पटले आहे. सुरुवात म्हणून परतीचे तिकीट मी सर्वस्वी मुक्ताच्या मनावर सोडले होते.

वरचा बर्थ मिळाला.