खारटमामाची जीभ

चामडं कमावण्याच्या त्या कारखान्यात मिठाचं पाणी बरोबर झालं की नाही, हे सांगायचं काम खारटमामाचं. त्यासाठी काचेची नळी होती, पाण्यात सोडली की तरंगून आकडा दाखवायची. पण मामा तिला हात लावेल तर शपथ. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि "सोडा आता आम्ल" म्हणायचं. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नव्हता, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय राहतही नव्हता.

मीठ म्हणजे इथे चेष्टा नव्हे. ते पुरेसं असेल तर आम्लातही कातड्याचे धागे ताब्यात राहतात, कातडं लवचीक राहतं. कमी पडलं की तेच धागे पाणी पिऊन टरारून फुगतात, आणि पुढे ते चामडं वाकवलं की तडकतं.

त्या दिवशी उकळता चहा घाईनं पिऊन मामानं जीभ पोळून घेतली होती. आम्लाच्या तोटीवर त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. त्यानं आपलं साधेपणानं विचारलं, "दाजी, नळी टाकून बघू का?"

"आता तू मला शिकवणार?" मामा खेकसला. बोट जिभेला लावलं, कळलं काहीच नाही, तरी म्हणाला, "सोड."

सगळा माल फुगला. साहेबांनी मेहुण्यालाच धरलं: आम्ल घाईनं सोडलंस, उद्यापासून येऊ नकोस. घरी बायकोनं रडून डोळे सुजवले. मामा ताटावरून तसाच उठला. लाज कसली, जिवंतपणी मरण ते.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, चूक माझी. जीभ पोळली होती. मीठ कमी होतं ते मला कळलंच नाही."

साहेब हसले. "मामा, तुमची जीभ चुकायची नाही. मेहुण्यासाठी किती अंगावर घ्याल? मन मोठं आहे हो तुमचं."

'नाही हो, खरंच,' एवढंच म्हणायचं होतं. पण ते कौतुक कानाला असं काही गोड लागलं, की मेला गप्प बसला.

संध्याकाळी मेहुणा घरी आला. "दाजी, साहेबांनी बोलावून मला परत कामावर घेतलं. माझ्यासाठी तुम्ही त्यांच्याशी खोटं बोललात. माझाच हात जड, आम्ल भसकन सुटलं असणार. हे काम मला जमायचं नाही." बायको नवऱ्याकडे अशा मायेनं बघत होती, की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

मामाला मान वर करवेना. खरं सांगायला याहून सोपी वेळ पुन्हा मिळणार नव्हती, हे त्यालाही कळत होतं. आणि तो म्हणाला, "पुढच्या वेळी हळू सोडत जा."