थेंब चालू आहे

पोस्टिंग आसामात होती. मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार, बोट नंबर दोनचा इन्चार्ज. त्या वर्षी आमच्या बीड जिल्ह्यात गुरांच्या छावण्या लागल्या होत्या. घरून फोन आला की टँकर आला की नाही, एवढीच बातमी असे. आणि मी ज्या नदीवर उभा होतो तिचा पलीकडचा काठ दिसत नव्हता.

पुराच्या आदल्या आठवड्यात पूल बांधणाऱ्या प्लाटूनमधून सॅपर नामदेव माझ्या बोटीवर आला. त्याचं गाव पाली, माझं मांजरसुंबा. परेडवर तो मला 'हवालदार साहेब' म्हणे, एरवी 'अण्णा'. भरतीपूर्वी तो गावच्या उपसा सिंचन सोसायटीच्या पंपावर होता. चेअरमन त्याचे सख्खे मामा. पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरत्या दांड्याच्या सांध्यातून, थेंब गळताना दिसला की मामा भर बैठकीत त्याचा उद्धार करत.

बोटीलाही ग्लँड असतं. इंजिनाचा शाफ्ट बुडातून बाहेर पंख्यापर्यंत जातो, म्हणजे बुडाला मुद्दाम पाडलेलं भोक असतं. तिथे शाफ्टभोवती ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे घालून दोन नटांनी दाबतात. नट इतकेच आवळायचे, की शाफ्ट फिरताना मिनिटाला आठ-दहा थेंब आत पडत राहतील. तेवढ्या पाण्यानेच शाफ्ट थंड राहतो. नामदेवला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. तो 'जी' म्हणाला. ऐकलं होतं, पटलं नव्हतं.

पूर आला तेव्हा एका बेटावरची माणसं काढायची ऑर्डर मिळाली. चौतीस माणसं आणि दोन शेळ्या घेऊन आम्ही निघालो. खाली, प्रवाहाच्या दिशेला, रेल्वेच्या पुलाचे खांब होते. मध्यावर आलो आणि जळक्या दोरीचा वास आला. मागे पाहिलं तर शाफ्टपाशी धूर. इंजिन कण्हायला लागलं.

"नाम्या, ग्लँडला हात लावला का?"

"लावला की, अण्णा. सकाळीच फुल टाईट केलंय. एक थेंब न्हाई!" त्याचा चेहरा बक्षीस घ्यायला आल्यासारखा होता.

मी इंजिन बंद केलं. नांगर टाकला. तो चिखलातून ओढला जात होता आणि बोट खांबांकडे सरकत होती. काठावरून सुभेदार साहेबांचा आवाज वायरलेसवर आला.

"बोट दो, इंजन क्यों बंद? ओव्हर."

"पानी नहीं आ रहा, साहब. ओव्हर."



"ब्रह्मपुत्रा में पानी नहीं आ रहा? रिपीट. ओव्हर."

खुलासा करायला वेळ नव्हता. मी नामदेवच्या हातात पाना दिला. "नट ढिले कर."

"अण्णा, पानी आत येईल की!"

"येऊ दे."

"कावून येऊ दे? बोट बुडंल!"

"नाम्या, ही ऑर्डर आहे."

त्याने पाना लावला. डोळे मिटून जोर दिला. नट फिरला, तापलेल्या शाफ्टवर पाणी फसफसलं आणि धार आत आली. एक म्हातारी उठून ओरडली, "फौजी नाव डुबा रहा है!" शेळ्यांनीही साथ दिली. नामदेव तिच्याकडे बघून म्हणाला, "आजी, मी बी तेच म्हनतोय!"

मी वरून डब्याने पाणी ओतत राहिलो. शाफ्ट हाताने फिरायला लागल्यावर इंजिन सुरू केलं. पंख्याने पाणी धरलं. पहिला खांब बाजूने गेला तेव्हा हात लांब केला असता तर लागला असता. मग नट अर्धा-अर्धा फेरा आवळत धार थेंबावर आणली.

काठावर सुभेदार साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शिक्षा सुनावली. महिनाभर नामदेवने बोट चालू असताना ग्लँडपाशी बसायचं आणि "थेंब?" विचारलं की "थेंब चालू, साहेब!" असा रिपोर्ट द्यायचा. साहेब गढवालचे, पण 'थेंब' हा शब्द त्यांनी पक्का पाठ केला. नामदेवने शिक्षा मन लावून भोगली. फक्त ग्लँडखाली त्याने आपला मेस टिन, म्हणजे जेवणाचा डबा, ठेवला. सगळी ब्रह्मपुत्रा शेजारी वाहत असताना तो त्या टिनातल्या पाण्याने पाय धूत असे. म्हणे, "आलेलं पानी टाकवत न्हाई, अण्णा."

पुढच्या पुरात तो दुसऱ्या बोटीवर होता. छपरावरच्या एका माणसाला ओढून घेताना छप्पर खचलं. माणूस बोटीत आला, नामदेव पाण्यात गेला. नामदेव तिसऱ्या दिवशी सापडला.

निवृत्तीनंतर मी पालीला गेलो. त्या सालीही पाऊस नव्हता. मामा आता थकलेत, पण सोसायटीच्या पंपावर रोज येतात. पंप सुरू होता आणि ग्लँडमधून थेंब पडत होता. खाली कोणीतरी दगडाची छोटी डोणी मांडलेली, तिच्यावर दोन चिमण्या. नवा ऑपरेटर मला बघून घाईने पाना घेऊन पुढे झाला.

"हात लावू नको बे," मामा म्हणाले. "त्यो आमच्या नाम्याचा हाय. त्यानं पत्रात लिवलं होतं, थेंब बंद करू नका म्हून. त्या शिक्षेचंबी समदं लिवलं होतं."

मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला नऊ. सवयीने तोंडातून निघून गेलं, "थेंब?"

मामा काठी टेकून सरळ उभे राहिले.

"चालू हाय, साहेब."